नुनछी म्हणजे नक्की काय

"बाकी सगळं उत्तम आहे, मिसेस कल्याणी," मिस्टर शिन म्हणाले, "फक्त नुनछी नाही."

आणि कप उचलून शांतपणे कॉफी प्यायला लागले. जसं काही कॉफीत साखर कमी आहे, एवढंच सांगायचं होतं.

"काय नाही?" कल्याणीनं विचारलं.

"नुनछी."

आता काय म्हणावं या माणसाला! लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या त्या कोरियन मॉनिटर कंपनीचं आफ्टर-सेल्स डिपार्टमेंट कल्याणी जवळजवळ एकटीच ओढत होती. मँचेस्टरच्या दुकानदाराकडे स्क्रीन फुटका आला, की फोन कल्याणीला. रॉटरडॅमला गेलेल्या खोक्यांत वायरीच नाहीत, की फोन कल्याणीला. डिपार्टमेंटचा म्हातारा मॅनेजर पुढच्या महिन्यात रिटायर होत होता आणि त्याच्या जागी कल्याणी येणार हे अख्ख्या ऑफिसनं धरूनच ठेवलं होतं. तिला ती जागा हवी होती. 'मिळाली तर बरंच' असं नव्हे, हवी होती. आजवर काम तिनं करायचं आणि खाली सही दुसऱ्यानं करायची, हे पुरे झालं होतं. आणि नेमकं आत्ता हे नुनछी नावाचं काय उपटलं?

"म्हणजे काय असतं ते?"

"इंग्लिशमध्ये सांगता येत नाही," मिस्टर शिन म्हणाले. स्लाऊच्या ऑफिसचा साहेब, पण माणूस तसा वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, कुणाला बोलून दुखवायचा नाही. "तुम्ही विचार करा. निर्णय पुढच्या सोमवारी आहे."

"पण माझं चुकलं काय, ते तरी सांगा. सांगितलंत तर सुधारेन ना मी."

"तेच तर," मिस्टर शिन म्हणाले.

तेच तर काय? अहो, तेच तर काय! कल्याणीच्या डोक्यात तिडीक गेली. ती कॉव्हेंट्रीत जन्मली, कॉव्हेंट्रीत वाढली. तिच्या घरात एकच कायदा होता, आणि तो आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, केलेला होता: मनात असेल ते तोंडानं बोलायचं. भूक लागली तर भूक लागली म्हणायचं. समजलं नाही तर हात वर करायचा, आणि मास्तरांनी दुर्लक्ष केलं तर उभं राहायचं. समोरचा खूश आहे का नाराज, हे बघत बसायचं नाही. "कुणाच्या भुवया वाचायला नाही शिकवलं तुला मी, पुस्तकं वाचायला शिकवलंय," असं आबा म्हणायचे. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात, हे तर ते इतक्या वेळा म्हणायचे की लहानपणी तिला वाटायचं, आबांचा इंडियात बोरांचा धंदा होता.

तर ती आपल्या पद्धतीनं कामाला लागली. म्हणजे दिसेल त्याला विचारत सुटली.

शेजारच्या टेबलावरच्या ग्रॅहमला विचारलं. तो म्हणाला, "नूडल्सचा प्रकार असेल." ग्रॅहम कंपनीत तिच्यानंतर आलेला, रॉटरडॅम नकाशावर कुठं आहे ते तिनंच त्याला दाखवलेलं. घरी उदयला विचारलं. तो टीव्हीवर क्रिकेट बघत म्हणाला, "गूगल कर ना." केलं. गूगलनं कोरियन अक्षरांची पाच पानं काढून दिली, आणि एक जाहिरात, केस गळण्यावरच्या तेलाची. "सोड ना," उदय म्हणाला, "बॉस लोक काहीतरी बोलतातच." सोड ना! नवऱ्यांना हा एक बरा मंत्र सापडलाय.

शेवटी तिनं बुधवारी लंचला मिस युनला गाठलं. मिस युन अकाउंट्समध्ये होती, सोलहून आलेली, वयानं कल्याणीपेक्षा लहान. डबा उघडायच्या आधीच कल्याणी म्हणाली, "नुनची म्हणजे काय, ते मला आज कळलंच पाहिजे."

"आधी नीट म्हण तरी," मिस युन हसली. "तुझी 'ची' कोरडी आहे. हवा सोड."

"नुनची."

"नाही. तोंडापुढे हात धर. हाताला हवा लागली पाहिजे."

कँटीनमध्ये माणसं बघायला लागली. दोन बायका तोंडापुढे तळवे धरून एकमेकींवर फुंकताहेत. आणि मग कल्याणीच्या डोक्यात प्रकाश पडला. हात्तिच्या, हा तर छ! छत्रीतला, छातीतला छ! आबांनी किचनच्या टेबलावर बसवून, रडवून रडवून शिकवलेला छ. इंग्रजांना जन्मात जमायचा नाही, पण आपल्याकडे त्याला स्वतंत्र अक्षर आहे. "नुनछी," ती ठासून म्हणाली.

"अगदी बरोबर!" मिस युननं टाळी वाजवली. "मिस्टर शिनच्या आईसारखी म्हणालीस."

त्या अख्ख्या आठवड्यात कल्याणीला जमलेली ही एकुलती एक गोष्ट.

"नुन म्हणजे डोळा," मिस युन म्हणाली. "छी म्हणजे, हं, माप म्हणतात. डोळ्यानं घेतलेलं माप. खोलीत शिरलं की कोण कुठे बसलंय, कोण गप्प आहे, कोणाला आता घरी जायचंय, हे न विचारता कळतं, ते नुनछी. काहींची जलद असते, काहींना नसतेच. आमच्यात म्हणतात, जलद नुनछीवाल्याला मठात गेला तरी खारवलेली कोळंबी खायला मिळते."

"मठात? बुद्धिस्ट मठात?"

"हो ना. म्हणून तर म्हण आहे."

"आम्ही बुद्धिस्टच आहोत," कल्याणी म्हणाली. "आमच्या विहारात कुणाला कोळंबी हवी असली तर तो ती घरी जाऊन खातो. मागायची लाज नाही आणि चोरून खायची गरज नाही." तिला खरंच राग येत होता. "आणि न विचारता कसं कळणार? विचारलं की दोन मिनिटांत कळतं. विचारलं तर काय बिघडलं?"

"विचारलं की संपलं," मिस युन म्हणाली. "ज्याला विचारावं लागतं त्याला ती नाही."

म्हणजे झालंच. विहिरीत उतरायला दोर हवा, आणि दोर विहिरीच्या तळाशी.

मिस युननं डब्यातला भात चमच्यानं उगाच इकडून तिकडे केला. हसणं गेलं होतं. "मला हा शब्द फार आवडतो, असं समजू नकोस," ती म्हणाली. "नुनछी बघतातही आणि देतातही. मी तुला नुनछी दिली, म्हणजे तू इथे नकोशी आहेस हे तुला न बोलता दाखवलं. आणि तिचा भातही असतो. नुनछिप्पाप. माझे आईवडील कामासाठी लांब होते, मी काकांकडे वाढले. काकू कधी एक शब्द बोलली नाही. पण मी दुसऱ्यांदा भात घेतला की वाडगं ठेवायचा तिचा आवाज बदलायचा. तो भात. तो खाल्ला की नुनछी फार लवकर येते."

कल्याणीनं आपला डबा बाजूला सारला. मग तिनं तिला जमतं तेच केलं. सरळ विचारलं. "माझं काय चुकलं, युन? तुला माहितीये. तू तिथे होतीस ना त्या जेवणाला?"

मिस युननं आजूबाजूला पाहिलं. "पाणी," ती हळूच म्हणाली.

ते जेवण मागच्या गुरुवारचं. सोलहून मोठे डायरेक्टर आले होते, आणि नव्या मॅनेजरच्या नावावर सही त्यांचीच व्हायची होती. सगळ्या ऑफिसला कोरियन रेस्टॉरंटमध्ये नेलं होतं. डायरेक्टरसाहेब एकेकाच्या ग्लासात स्वतःच्या हातानं दारू ओतत होते. कल्याणीजवळ आल्यावर तिनं सांगितलं, मी घेत नाही, आमच्यात पंचशील असतं. ते मनापासून हसले, बाटली खाली ठेवली, पाण्याचा जग मागवला, आणि तो जग दोन्ही हातांत धरून तिच्या ग्लासावर वाकवायला लागले. तेव्हा कल्याणीचा तळवा ग्लासवर गेला. "थँक यू, मी घेते," ती म्हणाली, जग त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपलं पाणी आपण ओतून घेतलं. तिला वाटलं, चांगलं केलं. एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास?

"ते कधीच कुणाला पाणी ओतत नाहीत," मिस युन म्हणाली. "तुझ्यासाठी मागवलं त्यांनी. ओततात ते मानानं. आपण दोन्ही हातांनी ग्लास धरायचा. तू झाकलास. सगळं टेबल गप्प झालं होतं, कल्याणी. तुला ऐकू नाही आलं?"

गप्प झालेलं ऐकू कसं येणार, हे काही कल्याणीला कळलं नाही. पण कान मात्र तापले.

रविवारी सकाळी ती गाडी काढून एकटीच कॉव्हेंट्रीला गेली. आबा घरी नव्हते, अलॉटमेंटवर होते. कौन्सिलकडून घेतलेला तो जमिनीचा तुकडा म्हणजे आबांचा जीव की प्राण. कार फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून त्यात मेथी, दुधी, लाल भोपळा. शेजारचे इंग्रज म्हातारे लीक, ती कांद्याच्या पातीसारखी भाजी, लावायचे आणि आबांचा भोपळा बघून दरवर्षी तेच विचारायचे, याला काय घालतोस जगदीश? आबा म्हणायचे, सेल्फ-रिस्पेक्ट.

"जय भीम, आबा."

"जय भीम. अवचित कशी काय? उदयशी भांडलीस का?"

"नाही. आबा, नुनछी नावाचा एक वर्ड आहे कोरियन."

"कुणाची? नणंदेची?"

"आबा, जोक नको ना!"

तिचा आवाज ऐकून आबांनी होज पाइप खाली टाकला. ती सांगायला लागली आणि सगळं सांगितलं. शिन, सोमवार, छ, कोळंबी, काकूचा भात, आणि ते जेवण. आबा मेथीच्या वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून ऐकत होते. जेवणाचं आलं तसे ते सावरून बसले.

"हात ठेवलास ग्लासवर? डायरेक्टरसमोर?"

"हो."

"आणि जग काढून घेतलास?"

"हो, आबा."

"शाब्बास!" आबा म्हणाले. तोंडभर हसले. "शाब्बास माझी वाघीण!"

"शाब्बास काय, आबा! माझा पोस्ट चाललाय!"

"माझी पोस्ट चाललीये," आबा म्हणाले. "पोस्ट ती."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इथे जन्माचं नुकसान होतंय आणि हे लिंग सुधारताहेत! "तुम्हीच शिकवला ना हा?" ती ओरडली. "पाणी आपलं आपण घ्यायचं, कुणाची वाट बघायची नाही, कुणी वरून ओतायला लागला तर हात लावून थांबवायचं. लहानपणी शाळेत जेवण वाढणाऱ्या डिनर लेडीच्या हातातून पण मी जग ओढून घ्यायची. मॅड म्हणायचे मला! आबा, तो माणूस मानानं देत होता. टेबलावर सगळ्यांना दारू, आणि पाणी फक्त मला. माझ्यासाठी मागवलं त्यानं! आणि माझा हात आपोआप गेला. मला विचारलं पण नाही माझ्या हातानं!"

लीकवाला इंग्रज म्हातारा कुंपणापलीकडून बघायला लागला, मग भला माणूस आपल्या शेडमध्ये निघून गेला.

आबांनी वाफ्यातलं एक तण उपटलं. हसू कधीच गेलं होतं.

"माझ्या मायला यायची ही तुझी नुनछी," ते म्हणाले.

कल्याणी वाफ्याच्या कडेला त्यांच्याजवळ बसली. आबा आपल्या आईबद्दल फारसं बोलत नसत. जालन्याकडचं एक गाव, आणि पाणी, एवढं तिला माहीत होतं. पाण्याचा इतिहास तर विहारातल्या प्रत्येक पोराला पाठ असतो. पण तो सगळ्यांचा इतिहास. आबांचा स्वतःचा तिनं कधी ऐकला नव्हता.

"आडापासून लांब उभं राहायचं," आबा म्हणाले. "घागर घेऊन. आपण आडाला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणी तरी शेंदून ओतायचं. बायका यायच्या पाण्याला. त्यातली कुठली ओतंल आणि कुठली शिव्या घालंल, हे मायला चालीवरून कळायचं. हिचं पोरगं आजारी आहे, ही ओतणार नाही. हिला आज माहेरचं माणूस आलंय, हिला विचारावं. चुकीच्या बाईला विचारलं तर दिवसभर पाणी नाही. मग बरोबर बाईकडे तोंड करून उभी राहायची. बोलायची नाही, नुसती उभी. आणि ती बाई वरून, हात लांब धरून ओतायची. अर्धं घागरीत, अर्धं मायच्या पायावर."

त्यांनी हातातली माती चोळून पाडली.

"मी शेजारी उभा असायचो. मला पण यायला लागली होती. चांगली यायची गं. एकदा माय म्हणाली, आज कोण ओतंल? मी बोट दाखवलं, आणि बरोबर निघालं. माय एवढी खूश झाली! माझं पोरगं शाणं झालं म्हणाली. मला आत काहीतरी झालं तेव्हा. मी काय शाणा झालो? कुणापुढे उभं राहायचं ते मला कळलं, हे माझं शाणपण? तेव्हा ठरवलं, पोरं झाली तर त्यांना हे यायला नको. नाही शिकवलं. मुद्दाम नाही शिकवलं."

"मग सांगायचं तरी मला," कल्याणी म्हणाली. रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता, दोन्ही एकदम. "नुसता रूल शिकवला. रीझन नाही शिकवला."

"रीझन सांगितलं असतं तर प्रत्येक ग्लासात तुला माय दिसली असती. मला दिसते. तुला कशाला?"

"पण आबा, वाईट माणसानं वरून ओतलं म्हणून चांगल्या माणसाचं पण नको? सगळे जग सारखे नसतात ना!"

"मला फरक कळत नाही," आबा म्हणाले. एकदम वैतागून म्हणाले, स्वतःवरच. "इतकी वर्षं झाली तरी नाही कळत. मागे हॉस्पिटलात नर्सनं ग्लास पुढे केला तर माझा हात आधी तोंडाशी गेला, ओंजळ करून. ती पोरगी बघतच राहिली. तुला कळत असेल फरक तर बघ बाई. मला नाही कळणार आता."

परतताना एम-फोर्टी हायवेवर कल्याणीनं ठरवून टाकलं. उद्या सांगायचं. गयावया करायची नाही, माफी मागायची नाही. झालं ते असं झालं, माझा हात यामुळे गेला, एवढं सांगायचं. माणूस समंजस आहे, त्याला कळेल. आबांचा कायदा शेवटी खराच होता, तोंडानं बोलायचं. चुकलं एवढंच, की ती आठवडाभर विचारत फिरली, सांगितलं काहीच नाही.

सोमवारी मिस्टर शिननी तिला बसायला सांगितलं आणि ती तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "ग्रॅहमला करतोय आम्ही मॅनेजर. डायरेक्टरची सही झाली. मला वाईट वाटतं, मिसेस कल्याणी. काम तुमचं सर्वांत चांगलं आहे. ग्रॅहमला शिकवायला तुम्हीच लागणार."

कानामागून आला आणि तिखट झाला! वर त्याला शिकवायचं! कल्याणीनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"ग्रॅहमला नुनछी आहे?"

मिस्टर शिनना हसू आलं. त्यांनी ते दाबलं. "नाही. अजिबात नाही. पण तो इंग्लिश आहे. त्याच्याकडून कोणी अपेक्षा धरत नाही. तुम्ही एशियन आहात. तुम्हाला कळायला हवं होतं."

"मी कॉव्हेंट्रीची आहे."

"हो, पण तुमच्या घरात मोठ्या माणसांचा मान—"

"माझ्या घरातलं मी सांगते तुम्हाला," कल्याणी म्हणाली. आणि सांगितलं. आड, घागर, आजी, आजीचे ओले पाय, बोट दाखवणारा मुलगा. मध्ये कुठेही थांबली नाही. आपल्या घरातली ही गोष्ट ती आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सांगत होती, आणि सांगताना तिला असं वाटत होतं, की आजीला या काचेच्या केबिनमध्ये आणून उभं केलंय, घागरीसकट. मिस्टर शिन कप खाली ठेवून ऐकत होते. ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला, हे तिच्यासारख्या बिननुनछीच्या बाईलासुद्धा दिसलं. तिला वाटलं, कळलं. आता हा माणूस उठेल, सोलला फोन लावेल.

"मला फार वाईट वाटलं," मिस्टर शिन शेवटी म्हणाले. "खरंच. पण मिसेस कल्याणी, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

कल्याणीनं खुर्ची मागे सारली.

सांगायला हवं होतं! आठवडाभर या माणसानं तिला तळ्यात-मळ्यात करायला लावलं. सांगता येत नाही, विचारायचं नसतं, कळायला हवं. आणि आज म्हणतो, सांगायला हवं होतं! ताकाला जाऊन भांडं लपवणारे तिनं पाहिले होते, पण हा तर भांडं लपवून, वर ताक का नाही मागितलं म्हणून विचारणारा निघाला.

"मिस्टर शिन," ती उभी राहिली. "त्या टेबलावर तुम्ही सगळे होतात. डोळ्यांनी माप घेणारी माणसं. एका बाईचा हात पाणी बघून ग्लासवर जातो. दारू बघून नाही, पाणी बघून. ती उद्धट आहे हे तुम्हा सगळ्यांना एका क्षणात दिसलं. तिचा हात का गेला असेल, हे एकाच्या पण मनात आलं नाही? मला नसेल, कबूल. मला शिकवलीच नाही. पण तुम्हाला तर आहे ना? मग कुठे होती ती त्या दिवशी?" आणि मग ती सावकाश, छ-ला पुरेपूर हवा सोडून म्हणाली, "नुनछी तुम्हाला नाही."

केबिनच्या दाराशी कागद घेऊन आलेली मिस युन तशीच मागे वळली.

मिस्टर शिननी टेबलावरचा कप सरळ केला. त्यांची मान तांबडी झाली होती. ते रागावतील म्हणून कल्याणी थांबली, पटलं म्हणतील म्हणूनही थांबली.

"उच्चार अगदी बरोबर आहे तुमचा," ते हळू आवाजात म्हणाले.

बस. एवढंच. सही बदलली नाही, फोन लावला नाही.

ती जिना उतरून कार पार्कमध्ये आली, गाडीत बसली, दार ओढून घेतलं. समोर कंपनीचे ट्रक मागे घेताना पीं-पीं करत होते. तिला कुणावर ओरडावं ते कळेना. शिनवर, ग्रॅहमवर, आडावरच्या त्या बायांवर, की आपल्याच हातावर. तिनं फोन काढला आणि आबांना लावला.

"जय भीम, आबा," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात. निदान तिला तरी तसं वाटलं.

"जय भीम," आबा म्हणाले. मग म्हणाले, "नाही ना दिली?"

ती गप्प.

"सांगितलंस ना त्याला मायचं? बरं केलंस. त्यानं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. असू दे. तू खाली मान घालून आली नाहीस, बास. आता राजीनामा टाईप करायला बसू नको, उद्या बघू. आणि लगेच गाडी चालवू नको, तुझे हात थरथरताहेत."

कल्याणीनं हातांकडे पाहिलं. खरंच थरथरत होते.

"आबा," ती म्हणाली, "मी अजून काही बोललेच नाहीये."

तिकडे आबा एकदम थांबले. ट्रकचं पीं-पीं थांबलं तरी ते बोलले नाहीत.

"येते गं अजून मला," आबा शेवटी म्हणाले, पकडले गेल्यासारखे. "जळली मेली, जाता जात नाही."